ऐंशी गिल्डरांना विकलेला मुलगा : मलिक अंबर



वेंगुर्ल्यातील डच वखारीची पडकी वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डच व्यापारी कंपनीने १६३७ साली ही वखार इथे उघडली. मिरी, कापड, घोडे यांची ने-आण करणाऱ्या त्या काळच्या जहाजांतून आणखी एक माल बंदरोबंदरी फिरत होता, आणि तो माल म्हणजे माणूस. याच कंपनीचा एक व्यापारी, पीटर व्हान डेन ब्रूके, वेंगुर्ल्याची वखार उघडण्याच्या वीस वर्षे आधी, १६१७ साली दख्खनमधून प्रवास करत असता सत्तरीला टेकलेल्या एका हबशी सेनापतीच्या छावणीत पोहोचला. हा सेनापती निजामशाहीचा सर्वेसर्वा होता आणि दिल्लीच्या बादशहाला त्याने वर्षानुवर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर अडवून धरले होते. ब्रूके याने त्याची माहिती लिहून ठेवली आणि व्यापारीच तो, त्याने किंमतही नोंदवली. हा माणूस लहानपणी तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात ऐंशी गिल्डरांना विकला गेला होता.

त्या माणसाचे नाव मलिक अंबर. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण शाळेत वाचतो. या लेखात आपले लक्ष मी त्या ऐंशी गिल्डरांकडे आणि ते ओझे ज्या हाताने उतरवले त्या हाताकडे वेधू इच्छितो.

सुमारे १५४८ साली आजच्या इथिओपियात, म्हणजे जुन्या हबश देशात, त्यांचा जन्म झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. मोखाहून तो बगदादला गेला आणि मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. मुलगा तल्लख आहे हे कासिमने ओळखले, त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. हबशी गुलामांना अशीच नावे दिली जात. कोणी याकूत म्हणजे माणिक, कोणी काफूर म्हणजे कापूर, कोणी अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. नावे गोड खरी, पण ती मौल्यवान वस्तूंची नावे होती. त्या मुलाला लिहिणे, हिशेब आणि कारभाराची पहिली ओळख याच घरात झाली, हेही तितकेच खरे. तरीही एका दिवशी कासिमने त्याला दख्खनमध्ये आणून पुन्हा विकले.

हे १५७० च्या दशकाच्या सुरुवातीचे वर्ष असावे. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. हा पेशवा स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी होते. वाचकहो, दख्खनमधील ही गुलामगिरी शेतात राबवून घेण्यासाठी नव्हती. तिथल्या दरबारांत दख्खनी सरदार आणि इराण-तुराणहून आलेले परदेशी सरदार यांच्यात सतत चढाओढ असे. ज्यांना या मुलखात ना भाऊबंद ना वतन, असे हबशी शिपाई धन्याशी एकनिष्ठ राहतील म्हणून त्यांना विकत घेतले जाई. त्यांच्या हाती तलवार आणि पुढे कारभारही येई. तरी आपल्या इच्छेने उठून जाण्याचा हक्क त्यांना नव्हता, आणि गुलामगिरीचे मर्म तेवढ्यातच आहे.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला. वारसाहक्काने त्याची मालमत्ता वाटली जाणार होती आणि अंबर हा त्या मालमत्तेचा भाग होता. घोडे विकावेत तसा त्याला आणखी एकदा विकता आला असता. तसे झाले नाही. चंगीझखानाच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. तवारिखांत या स्त्रीची ओळख चंगीझखानाची बेवा एवढीच येते. पुढच्या पन्नास वर्षांत दख्खनमध्ये जे घडले त्याच्या मुळाशी पडद्यामागच्या या स्त्रीची एक कृती आहे.

तिने हे का केले असेल, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. ती ज्या दीनमध्ये वाढली होती त्यात गुलामाला मुक्त करणे हे मोठ्या पुण्याचे काम होते. दिव्य कुरआनच्या सूरह बलदमध्ये खऱ्या नेकीच्या अवघड चढणीचा उल्लेख येतो आणि ती चढण कोणती हे सांगताना पहिले स्थान माणसाची मान जोखडातून सोडवण्याला दिले आहे. जकातच्या आठ हिश्श्यांपैकी एक हिस्सा याच कामासाठी आहे. मोडलेली शपथ, चुकून झालेली हत्या, रमजानचा जाणूनबुजून मोडलेला रोजा, अशा अपराधांच्या कफ्फाऱ्यात गुलाम मुक्त करण्याचा हुकूम आहे. गुलामाने ठरावीक रक्कम फेडून मोकळे होण्याचा करार मागितला, तर त्याच्यात भलेपण दिसत असल्यास तो करार करून द्यावा आणि वर मदतही करावी, असे सूरह नूरमध्ये सांगितले आहे. हजरत बिलाल (रजि.) यांना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी विकत घेऊन मुक्त केले आणि तेच बिलाल (रजि.) पुढे अजान देण्यासाठी काबागृहावर चढले. हे सारे त्या बेवेच्या कानांवर लहानपणापासून पडले असणार.

आता मुक्त झालेल्या अंबर यांच्याकडे पाहू. हाती स्वातंत्र्य होते, पण घरदार नव्हते, जहागीर नव्हती, पाठीशी कुळ नव्हते. त्यांनी विवाह केला आणि शिपाईगिरी पत्करली. जवळजवळ वीस वर्षे त्यांचा काळ साध्या सरदारकीत गेला. काही काळ ते विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि तिथेच मलिक ही पदवी त्यांना मिळाली. घाई नाही, फितुरी नाही, सोबतीला आलेल्या शिपायांना वाऱ्यावर सोडणे नाही. म्हणूनच १५९५ साली ते अहमदनगरच्या मुलखात परतले तेव्हा दीडशे घोडेस्वार आपखुशीने त्यांच्या मागे आले.

त्याच साली मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला होता आणि चांदबीबी किल्ला लढवत होती. १६०० साली चांदबीबी मारली गेली, किल्ला पडला, सुलतान कैद झाला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. मलिक अंबर यांना तसे वाटले नाही. निजामशाही घराण्यातील अली नावाचा एक तरुण विजापूरच्या मुलखात राहत होता. त्याला त्यांनी परांडा किल्ल्यावर मुर्तजा निजामशाह म्हणून तख्तावर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. ज्या घराण्याच्या पेशव्याने त्यांना विकत घेतले होते, त्या घराण्याचे ते आता सासरे आणि राखणदार झाले. मुघलांशी आणि राज्यातील प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत त्यांनी गेलेला मुलूख परत मिळवत नेला. १६१० पर्यंत अहमदनगरचा किल्लाही परत हाती आला.

त्यांची लढण्याची रीत आपल्या मातीला नीट ओळखीची आहे. मुघलांच्या मोठ्या फौजेशी मैदानात भिडायचे नाही, डोंगर-दऱ्यांचा आधार घ्यायचा, शत्रूची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि दिसेनासे व्हायचे. हलक्या घोड्यांवरचे मराठा बारगीर या लढाईचा कणा होते. मालोजीराजे भोसले आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची कारकीर्द याच निजामशाहीत घडली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मुघल आणि आदिलशाही यांची एकत्र फौज चालून आली. मलिक अंबर यांनी तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाची वाट चिखलाची केली आणि मग अचानक हल्ला चढवला. त्या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या नावावरून ठेवलेले हे नाव. हबशी सेनापती, मराठा सरदार आणि दख्खनी मुसलमान एकाच बाजूने लढत होते, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

राज्य केवळ लढून टिकत नाही, हे मलिक अंबर जाणत होते. शेतसाऱ्याच्या वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्यांनी बंद केली, कारण मक्तेदार रयतेला पिळत असे. जमिनीची प्रत आणि हाती आलेले पीक पाहून सारा ठरू लागला. वाईट साली सूट मिळू लागली. मराठी कागदपत्रांत मलिकंबरी धारा हा शब्द त्यानंतर कितीतरी वर्षे वापरात राहिला. त्यांच्या राज्यात सोने घेऊन निर्धास्त प्रवास करता येतो, असे त्या डच व्यापाऱ्यानेही नमूद केले आहे.

१६१० च्या सुमारास त्यांनी खडकी नावाच्या लहान गावी राजधानीचे शहर वसवले. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्यांनी मशिदी बांधल्या, मुघलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला आणि उत्तरेकडच्या डोंगरउताराचे पाणी भुयारी नळांतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी नावाने ओळखली जाणारी ही योजना कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या जोरावर चाले आणि तिने शतकानुशतके शहराची तहान भागवली. शहरातील मालपुरा, खेलपुरा, विठापुरा ही नावे मराठा सरदारांच्या नावांवरून पडली, असे मानले जाते. १६१६ साली मुघल फौजेने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. मलिक अंबर यांनी ती पुन्हा उभी केली.

बादशहा जहांगीर त्यांचा किती द्वेष करी, याची साक्ष एका चित्राने दिली आहे. त्याच सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढलेल्या या चित्रात भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबर यांच्या मस्तकावर बादशहा बाण सोडताना दिसतो. ते मस्तक बादशहाला चित्राबाहेर कधीच मिळाले नाही. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्यांचा उल्लेख शिव्याशापांशिवाय क्वचितच करतो, त्यांच्या काळ्या वर्णाचा उद्धार करतो. पण त्यांच्या मृत्यूनंतर मुघलांच्याच इतिहासकाराला मान्य करावे लागले, की युद्धकला, कारभार आणि न्याय यांत या गुलामाची बरोबरी करणारा दुसरा झाला नाही.

इथवर वाचून आपले मन अभिमानाने भरले असेल. ते योग्यच आहे. पण चरित्र सांगणाऱ्याने अर्धीच बाजू सांगितली तर ती साक्ष खोटी ठरते, आणि खोटी साक्ष हा आपल्या दीनमध्ये महापाप आहे. म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली अशी, की सुलतान मुर्तजा याची थोरली बेगम इराणी वंशाची होती. तिने एकदा मलिक अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. त्यानंतर १६१० साली सुलतान आणि ती बेगम दोघांनाही विष देण्यात आले आणि त्यामागे मलिक अंबर होते, अशी हकीकत ब्रूके याने लिहून ठेवली आहे. पाच वर्षांचा राजपुत्र तख्तावर बसला आणि सत्ता पूर्णपणे मलिक अंबर यांच्याकडे आली. सत्तेच्या चढाओढीचा त्यात वाटा असणारच. पण मुक्त होऊन पस्तीस वर्षे झालेल्या, राज्याचा धनी झालेल्या माणसाच्या मुलीलाही तो शब्द ऐकावा लागला, हे विसरू नका. कागदावरचे जोखड उतरले तरी लोकांच्या जिभेवरचे उतरत नाही. तो घाव खरा होता. तरी त्यावर काढलेला उतारा, ती हकीकत खरी असेल तर, हराम होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मलिक अंबर यांच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी होते, असा अंदाज त्या काळच्या प्रवाशांनी दिला आहे. त्यांतील अनेक जण तसेच विकत घेतलेले तरुण होते, जसा एकेकाळी चापू होता. स्वतः तीनदा विकला गेलेला माणूस सत्तेवर आला आणि बाजार चालूच राहिला. मोखा काय, बगदाद काय, हे बाजार मुसलमानांच्या वस्तीत भरत होते. मुक्तीचे इतके दरवाजे उघडून देणारी शिकवण ज्यांच्या हाती होती, त्यांनीच नवे गुलाम आणून ते दरवाजे मागून अडवले. ही आपली सामूहिक चूक आहे. ती कबूल केल्याने दीन लहान होत नाही, आपण त्याच्या किती मागे राहिलो ते कळते.

याच काळात समुद्रापलीकडे काय घडत होते, तेही पाहा. मलिक अंबर खडकीत राज्य करत असताना, १६१९ साली, अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत वीसच्या आसपास आफ्रिकी बंदी उतरवले गेले. पुढे तिथे गुलामगिरी कातडीच्या रंगाला कायमची जखडली. १६६२ च्या कायद्याने गुलाम आईचे मूल गुलाम ठरले, मग बाप मालकच का असेना. इस्लामी कायद्यात मालकापासून झालेले मूल स्वतंत्र असते आणि त्याची आईही मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होते. १६९१ मध्ये तर असे ठरले, की कोणी गुलाम मुक्त केला तर त्याला वसाहतीबाहेर पाठवण्याची व्यवस्था मालकाने करावी. म्हणजे चंगीझखानाच्या बेवेने केले ते तिथे कोणी केले असते, तरी मुक्त झालेल्याला त्या भूमीवर जागा नव्हती. मग उरला पळून जाण्याचा मार्ग, आणि हजारोंनी तो जिवावर उदार होऊन धरला.

त्यांतील एक आपला दीनी बांधव होता, उमर इब्न सईद. पश्चिम आफ्रिकेतील फुता तोरो या प्रदेशातला हा शिकलेला माणूस. पंचवीस वर्षे त्याने विद्याभ्यासात घालवली होती. १८०७ साली त्याला पकडून अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरात विकण्यात आले. क्रूर मालकाच्या तावडीतून तो पळाला, पण नॉर्थ कॅरोलिनात पकडला गेला. तुरुंगाच्या भिंतींवर त्याने कोळशाने अरबी अक्षरे लिहिली आणि लोक ती पाहायला जमले. दुसऱ्या मालकाच्या घरी त्याला बाप्तिस्मा देण्यात आला, पण १८३१ साली त्याने अरबीत आत्मकथा लिहिली तेव्हा आरंभी सूरह मुल्क लिहिली. सारी मालकी एका अल्लाहची आहे, हे सांगणारी ती सूरह. गुलामाने याहून मोठे विधान काय करावे! नव्वदीच्या घरात, १८६४ च्या सुमारास, तो गुलाम म्हणूनच वारला. अंबर यांच्या वाट्याला आलेला तो एक हात उमरच्या वाट्याला आला नाही.

आपला किनाराही अशा पळालेल्या माणसांना अनोळखी नाही. पोर्तुगीजांच्या गोव्यात भर रस्त्यात माणसांचा लिलाव होई. तिथून निसटलेले गुलाम बारदेशची हद्द ओलांडून आदिलशाही मुलखात आसरा शोधत, आणि वेंगुर्ले तेव्हा त्याच मुलखात होते.

मलिक अंबर १६२६ साली, वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी मरण पावले. खुलताबादला औलियांच्या सान्निध्यात त्यांची कबर आहे, जवळच त्यांची पत्नी बीबी करीमा यांची. अवघ्या सात वर्षांत त्यांच्या मुलाने दौलताबाद मुघलांच्या स्वाधीन केले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. राज्य गेले. जी एक कृती मागे राहिली ती त्या बेवेची, आणि तिचा हिशेब अल्लाहजवळ सुरक्षित आहे.

वाचकहो, आज आपल्या घरी गुलाम नाही, म्हणून हा धडा आपला नाही असे समजू नका. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी अखेरच्या आजारातही नमाजची आणि हाताखालच्या माणसांची ताकीद दिली होती. तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, झेपणार नाही असे काम लादू नका आणि लादलेच तर स्वतः हात लावा, ही त्यांची शिकवण आहे. आपल्या बंदरांतील होड्यांवर परमुलखातले खलाशी राबतात, आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेली कुटुंबे हंगामभर राखण करतात, काजूच्या कारखान्यांत बायाबापड्या बिया फोडतात. हंगामाआधी दिलेली उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणे, याला आपल्या देशाच्या १९७६ च्या कायद्यात वेठबिगारी म्हणतात. तसे करणाऱ्याने आपली नमाजही एकदा तपासून पाहावी. ज्यांच्या घरातील कोणी आखाती देशांत कामाला गेले आहे, त्यांना पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलूपबंद असण्याचे दुःख मी काय सांगावे? ते दुःख आपल्या मुलाचे असते तेव्हा कळते. तेच आपल्या होडीवरच्या खलाशाचे असेल तेव्हाही कळले पाहिजे.

या महिन्यात एवढेच करा. आपल्या हाताखाली जो कोणी आहे त्याचा हिशेब काढा. मजुरी थकली असेल तर घाम सुकण्याआधी द्या. कोणाची कागदपत्रे अडकवून ठेवली असतील तर परत करा. कोणी कर्जाने बांधला गेला असेल आणि आपल्याला झेपत असेल, तर ते सोडून द्या. आणि ज्यांचे पूर्वज कधी विकले गेले त्यांना, किंवा कोणालाही, जात, रंग, गरिबी यांवरून हिणवणारा शब्द घरात निघाला, तर मुलांसमोरच तो थांबवा.

अल्लाह आपल्याला ती अवघड चढण चढण्याची ताकद देवो आणि आपल्या हातून एखाद्याची मान मोकळी होवो. आमीन.